तिकोचिन, प्रमाण १:५००

१४ जानेवारी

ताईने आठवी-नववीच्या मुलांसाठी युरोपातल्या एका गावाचं मॉडेल मागितलंय. "वॉर्सा नको, क्राकूव्ह नको, राजवाडा तर नकोच. मुलं टेबलाभोवती उभी राहिली की अख्खं गाव दिसलं पाहिजे," ही तिची अट. माझी अट एवढीच की सगळं सुटं होऊन एका चेक-इन बॅगेत बसलं पाहिजे. मे महिन्यात पुण्याला जाताना बरोबरच नेणार आहे. लाकडी काम कुरियरच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नाही.

गाव माझ्या मनात आधीच होतं: तिकोचिन. पोलंडच्या ईशान्येला, नारेव्ह नदीच्या काठी, बियाविस्तोकपासून तीसेक किलोमीटरवर. आज वस्ती दोन हजारांच्या आसपास. नकाशा उघडला की लगेच लक्षात येतं, हे गाव कुणीतरी बसून आखलंय. पूर्वेच्या टोकाला चर्च, पश्चिमेच्या टोकाला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, आणि मध्ये बाजारचौक. नदीपलीकडे किल्ला. एवढ्याशा जागेत इतका स्पष्ट आराखडा सापडणं म्हणजे मॉडेलवाल्याची चैन.

१९ जानेवारी

सिनेगॉगपासून चर्चपर्यंत नकाशावर मोजलं तर अर्धा किलोमीटर आणि वर थोडं. १:५०० ला मीटरभर. तीन ट्रे करायचे, चुंबकांनी जोडायचे. सिनेगॉग या प्रमाणात काडेपेटीएवढंही होत नाही, आत काही दाखवणं दूरच. म्हणून ते वेगळं, १:१०० ला, छत उचलून आत बघता येईल असं.

किल्ला सोडून दिला. नदीपलीकडचा तुकडा घेतला तर चौथा ट्रे होतो, आणि बॅगेत तो जाणार नाही. शिवाय आज दिसतो तो किल्ला या शतकात पुन्हा बांधलेला आहे. राजा सिगिसमंड ऑगस्टचा खजिना नि ग्रंथसंग्रह ज्या किल्ल्यात होता तो हा नव्हे.

२ फेब्रुवारी

आज दिवसभर एकही तुकडा कापला नाही. अडकलोय एका प्रश्नावर: हे मॉडेल कोणत्या सालचं?

वाटतं तितकं हे सोपं नाही. १५२२ मध्ये गावाचा मालक ओल्ब्राख्त गाश्तोल्त याने ग्रोद्नोहून काही ज्यू कुटुंबं बोलावली आणि दुकानं, सिनेगॉग, दफनभूमी यांचा हक्क लिहून दिला. त्याचा हेतू धर्मादाय नव्हता. गाव नदीच्या व्यापारावर वसलेलं, त्याला व्यापारी हवे होते. पण त्या काळचं गाव उभं करायचं तर निम्मं कल्पनेतून करावं लागेल. १६४२ घेतलं तर जुन्या लाकडी सिनेगॉगच्या जागी आलेलं विटांचं सिनेगॉग कोरं करकरीत मिळतं, आणि जखमी, म्हाताऱ्या सैनिकांसाठी व्येशोवोव्स्की या सरदाराने नुकतंच बांधलेलं वसतिगृहही. मात्र पूर्वेला आजचं चर्च नाही. ते १७४२ ते १७५० मधलं, यान क्लेमेन्स ब्रानित्स्कीचं. चौकातला सेनापती चार्न्येत्स्कीचा पुतळा त्यानेच १७६३ मध्ये उभारला. चार्न्येत्स्कीने स्वीडिश फौजांशी लढा दिला, राजाने त्याला १६६१ मध्ये हे गाव दिलं, आणि ब्रानित्स्की त्याच्याच वंशातला. राजा नसलेल्या माणसाचा इतका जुना पुतळा पोलंडमध्ये क्वचितच. तेव्हा १७६३ घेतलं की अक्ष पुरा होतो: दोन बुरुजांचं चर्च, समोर पुतळा, लांबट चौक, पलीकडे सिनेगॉगचं छत.

वास्तुविशारद म्हणून माझं मत १७६३ कडे झुकत होतं. संध्याकाळी ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, इमारत कधी बांधली ते तू बघतोयस. लोक राहत होते तेव्हाचं घे ना."

"लोक तर १५२२ पासून राहत होते."

"मग शेवटचं घे."

म्हणजे १९३९ चा उन्हाळा. तेव्हा गावात साधारण निम्मे लोक ज्यू होते. घरांचे जुने फोटो मिळतात, चौकाच्या कडा बदललेल्या नाहीत. ठरलं.

९ फेब्रुवारी

सुट्टी होती म्हणून वॉर्सातल्या पोलिन या पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयात जाऊन आलो. तिथे ग्वोझ्झेत्सच्या लाकडी सिनेगॉगचं रंगवलेलं छत आहे, मूळ मापाच्या ८५ टक्के. २०११ मध्ये सानोकला कारागिरांनी जुन्या हत्यारांनी लाकूड तासून सांगाडा उभा केला, आतलं रंगकाम पोलंडमधल्या वेगवेगळ्या गावी कार्यशाळा घेऊन झालं. मूळ इमारत आजच्या युक्रेनमध्ये होती. महायुद्धाआधीच्या या प्रदेशात अशी लाकडी सिनेगॉगं ठिकठिकाणी होती, युद्धात ती जवळपास सगळी जळाली.

माझ्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की असं छत पुन्हा उभं करता आलं ते मोजणी झाली होती म्हणून. दोन युद्धांच्या मधल्या वर्षांत वॉर्सा पॉलिटेक्निकच्या लोकांनी गावोगाव फिरून अशा इमारती मोजल्या, काढल्या, फोटो घेतले. त्यांतला कलेतिहासकार शिमॉन झायचिक स्वतः ज्यू, १९४४ मध्ये मारला गेला. ड्रॉइंगं बरीचशी वाचली. मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्यांचं नाव संग्रहालयांच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात असतं, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

तिकोचिनचं सिनेगॉग विटांचं, म्हणून टिकलं असं अनेकदा सांगितलं जातं. विटांचीही पुष्कळ उडवली गेली.

१ मार्च

तिकोचिन. बियाविस्तोकपर्यंत ट्रेन, पुढे बस. बर्फ वितळायला लागलेलं, चौकात चिखल, करकोचे अजून यायचे होते.

आधी चौक पायांनी मोजला. चौकोनी म्हणतात, पण आहे समलंब. चर्चकडची बाजू आणि पश्चिमेची बाजू समान नाहीत. कडेची घरं बहुतेक लाकडी, एकमजली, रस्त्याकडे आडवं छत. पुतळ्यापाशी उभं राहिलं की चर्च समोर नीट दिसतं, बुरूज मुख्य इमारतीपासून सुटे, कमानीच्या सज्जांनी जोडलेले, जणू चौकाला दोन्ही हातांनी कवेत घेतलंय. पश्चिमेकडे मात्र तसं काही नाही. रस्ता हळूहळू घरांत शिरतो आणि काचोरोवो नावाचा भाग लागतो, जिथे ज्यू वस्ती दाट होती. तिथे घरांच्या मागून अचानक ते छत वर येतं: लाल कौलांचं, दोन टप्प्यांत मोडलेलं, उंच. चर्च आपणहून सामोरं येतं, सिनेगॉगपाशी आपल्याला जावं लागतं. मॉडेलमध्ये हा फरक राहिला पाहिजे, म्हणून पश्चिमेच्या ट्रेवरच्या घरांची दाटी कमी करायची नाही, कितीही वेळ लागो.

आत शिरताना काही पायऱ्या खाली उतरावं लागतं. सभागृहाची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल आहे. याचं कारण दोन तऱ्हेने सांगतात. एक, "खोल जागेतून मी तुला हाक मारतो" या अर्थाचं १३० वं स्तोत्र. दुसरं, सिनेगॉग बाहेरून फार उंच दिसू द्यायचं नाही हा चर्चवाल्यांचा आग्रह, म्हणून उंची खाली खणून मिळवायची. मला दोन्ही पटतात. गरजेने खणलं आणि स्तोत्राने त्याला अर्थ दिला, असं होऊ शकतं.

मधोमध बिमा. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायचा हा चौथरा इथे चार जाडजूड खांबांच्या आत आहे, आणि खांब थेट वर जाऊन छताच्या कमानी पेलतात. त्यामुळे सभागृहाचे नऊ भाग पडतात: मधला बिमाचा, भोवतीचे आठ लोकांचे. आधी लुब्लिनला, १५६७ च्या सिनेगॉगमध्ये, ही युक्ती वापरली गेली. ती इमारत आता नाही. रचना म्हणून बघितलं तर खांब मध्ये आणल्याने कमानींचा पल्ला निम्म्यावर येतो. वापर म्हणून बघितलं तर वाचणारा माणूस आणि इमारतीचा भार एकाच जागी आहेत. दुपारपर्यंत मी नुसता बिमाभोवती फिरत होतो. राखणदार बाईंनी शेवटी विचारलं, काही हरवलंय का. मापं घेतोय म्हटल्यावर त्यांनी खांबांच्या तळाशी सावलीत गेलेला प्लास्टरचा एक तुकडा टॉर्चने दाखवला.

भिंतींवर चौकटी, आणि चौकटींत हिब्रू नि अरेमाइक प्रार्थना, काळ्या अक्षरांत. छापील पुस्तकं महाग होती तेव्हा भिंतीच पुस्तक. पूर्वेच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्या ठेवायचा कोनाडा, भोवती गचकामाची वेलबुट्टी. खिडक्या उंचावर, उजेड तिरका येतो आणि अक्षरांवरून सरकत जातो. वायव्येला की नैर्ऋत्येला बुटका बुरूज हे तिथे उभं राहूनही पुन्हा पुन्हा तपासलं, कारण फोटो उलटा छापला गेला की हीच गोष्ट पहिली चुकते.

दुपारनंतर इस्रायलहून आलेल्या शाळकरी मुलांचा एक गट शिरला. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांची पोरं. आधी आवाज, मग शिक्षकाने बिमावर उभं राहून काहीतरी सुरू केलं आणि सगळे गाऊ लागले. त्या छताखाली आवाज कसा फिरतो हे तेव्हा कळलं. गाणं संपल्यावर ते बसने जंगलाकडे गेले. तो भाग मी आज टाळला.

उरलेल्या उजेडात दफनभूमी. गावाच्या कडेला कुरणासारखी जागा, गवतात तुरळक दगड, काही कलंडलेले, शेवाळलेले. गाश्तोल्तच्या सनदेपासूनची ही जागा, बहुतेक दगड युद्धात आणि नंतर उचलले गेले. पश्चिमेचा ट्रे थोडा वाढवून ती घ्यायची.

३ मार्च

मोजणीची वही नीट उतरवून घेतली. ताईला एक जोड माहिती पाठवली: एस्पेरांतो भाषा तयार करणाऱ्या लुडविक झामेनहॉफचे वडील मार्कुस या तिकोचिनचे. मुलगा १८५९ चा, बियाविस्तोकमध्ये जन्मलेला. ताई खूश, तिला भाषेच्या तासाला दुवा मिळाला.

१६ मार्च

मोठं मॉडेल. तळ पाच मिलीमीटर बर्च प्लायच्या थरांचा. सभागृहापुरता वरचा थर आरपार कापून काढला, म्हणजे जमीन खरोखर खाली जाते. नुसता गडद रंग देऊन खोली भासवता आली असती, पण मुलं बोट घालून बघणार, आणि बोटाला पायऱ्या लागल्या पाहिजेत.

छताचा पेच वेगळाच. छत उचललं की कमानीही वर जातात आणि खाली चार खांब उघडे राहतात, कशालाच न पेलणारे. हे खोटं आहे. त्यामुळे ईशान्येचा एक चतुर्थांश भाग कमानींसकट जागेवरच ठेवला आणि उरलेलं छत एल आकारात सुटतं. कमानी थ्रीडी प्रिंट करून बघितल्या, पण थरांच्या रेषा दिसतात आणि प्लास्टर वाटत नाही. शेवटी प्रिंटचा साचा करून त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. पातळ कडा तुटतात, त्या पॉलिश पेपरने मारून घेतल्या. तुटलेलं थोडं तसंच ठेवलं. चारशे वर्षांची इमारत आहे.

२३ मार्च

भिंतींवरची अक्षरं १:१०० ला एक मिलीमीटरसुद्धा नाहीत. हाताने लिहिण्यात अर्थ नव्हता. माझे फोटो सरळ करून, भिंतीच्या मापाला आणून, जाड मॅट कागदावर छापले आणि चिकटवले. प्रत्येक भिंतीच्या मागे पेन्सिलने बाण: उजवीकडून डावीकडे. मिरर इमेज लागली तर पुण्यातल्या वर्गात कुणाला कळणार नाही, पण ताई मुलांना पुण्यातलं लाल देऊळ दाखवायला नेणार आहे, आधी परवानगी काढून. १८६७ सालचं ते सिनेगॉग बघून आलेलं एखादं पोर अक्षरांची दिशा नक्की पकडेल.

३० मार्च

लेझर कटिंगवाल्याकडून घरं आली. अपेक्षेपेक्षा करपलेल्या कडा जास्त, पण लाकडी घरांना ते शोभतंय. घासणार नाही.

ताईचा प्रश्न: ज्यू घरं एका रंगात आणि कॅथलिक घरं दुसऱ्या रंगात केली तर मुलांना पटकन समजेल का?

समजेल. तरी नाही करणार. काचोरोवोत ज्यू वस्ती दाट, चर्चकडे कॅथलिक, हे खरं; पण चौकाभोवती घरं मिसळलेली. कुठल्या दारामागे कोण, हे मला दारनिहाय माहीत नाही, आणि रंग देऊन मी ते माहीत असल्याचा आव आणीन. शिवाय रंगावरून घर ओळखायची सवय मुलांना लावणारं मॉडेल मला करायचं नाही. सगळं प्लाय प्लायसारखंच राहील. ताई म्हणाली, "बरं बाबा," म्हणजे तिला पूर्ण पटलेलं नाही.

६ एप्रिल

टाळलेला भाग.

सप्टेंबर १९३९ मध्ये इथे सोव्हिएत फौजा आल्या, जून १९४१ च्या शेवटी जर्मन. २४ ऑगस्टला दवंडी पिटली गेली की ज्यूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात जमावं, त्यांना दुसरीकडे हलवायचंय. २५ ऑगस्टला लोक जमले. काहींना चालवत, काहींना ट्रकमधून गावाबाहेर नेलं आणि वोपुखोवोच्या जंगलात आधी खणून ठेवलेल्या खड्ड्यांपाशी गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. करणारी एसएस या नाझी सशस्त्र संघटनेची तुकडी, प्रमुख हेरमान शापर. मारल्या गेलेल्यांचा आकडा सहसा १,४०० ते १,७०० दिला जातो. थोडे पळाले, ते बियाविस्तोकच्या घेट्टोत, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, पोचले, आणि तिथलं पुढचं वेगळं सांगायला नको. १५२२ पासूनचं दोन दिवसांत संपलं. छावणी नाही, रेल्वे नाही. मुलांच्या पुस्तकात हे प्रकरण गॅस चेंबरपासून सुरू होतं, त्याआधीचं हे जंगल त्यात नसतं. ताईला सांगितलं, हा फरक तू वर्गात सांगायलाच हवा.

आता मॉडेल. ज्या चौकाची मापं मी पावलांनी घेतली, जमवाजमव त्याच चौकात झाली. तिथे काही खूण करायची का? काही नाही केलं. १९३९ च्या उन्हाळ्यात ती खूण नव्हती. पण जंगल बाहेर ठेवणंही पटेना. ते काही किलोमीटर दूर, म्हणजे या प्रमाणात टेबल ओलांडून वर्गाच्या भिंतीपलीकडे. तेव्हा जंगलासाठी वेगळा छोटा ट्रे केलाय, झाडं नाहीत, नुसती जागा आणि नाव. तो कॉरिडॉरमध्ये, नकाशावर मोजून येईल त्या अंतरावर आणि त्या दिशेला ठेवायचा. ताईने वर्गाचा आणि कॉरिडॉरचा आराखडा पाठवलाय. जिन्याच्या पुढे येतंय.

१३ एप्रिल

माहितीफलकांचा मजकूर. ताई लिहिते, मी तारखा तपासतो. तिने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, "नाझींनीही या वास्तूचं सौंदर्य मानून ती सोडली." हे काढायला लावलं. त्यांनी तिथे गोदाम केलं, म्हणून उभी राहिली. युद्धानंतरही गोदामच, खतांचं; १९६५ मध्ये आग लागली. दुरुस्ती सत्तरच्या दशकात झाली आणि १९७७ पासून संग्रहालय. प्रार्थनेसाठी गावात कुणी उरलं नव्हतं. आज समोरच्या तालमूद-गृहात, म्हणजे जुन्या धर्मशिक्षणाच्या घरात, तळघरात खानावळ आहे, कुगेल हा ज्यू पदार्थ मिळतो. मी खाल्ला होता, बरा होता. हे मी फलकावर टाका म्हणणार नाही, पण गाव आज कसं जगतं ते कुणी विचारलं तर सांगायला हरकत नाही. पर्यटनाने हे गाव आज उभं आहे आणि त्यातला मोठा वाटा गावात न राहिलेल्या माणसांच्या नावावर आहे. पोलिश गावकऱ्यांतल्या काहींनी हा वारसा मनापासून सांभाळलाय, हेही तितकंच खरं. सिनेगॉगची निगा बघितली की कळतं.

दुसऱ्या फलकावरून वाद अजून चालू आहे. ताईला शेवटचं वाक्य "पुन्हा असे घडू नये" हवंय. मला तिथे तारीख आणि जागा पुरेशी वाटते. ती म्हणते, शाळेत मीच शिकवते, तू सुतारकाम बघ. ठीक आहे, फलक तिचा.

२० एप्रिल

वजन केलं. तीन ट्रे, सिनेगॉग, जंगलाचा ट्रे, फलक: १७ किलो. २३ ची मर्यादा, म्हणजे आईसाठी चहा-चॉकलेटला जागा आहे. सिनेगॉगचं छत वेगळ्या डब्यात, फोममध्ये. बुरुजाचं टोक काढता येणारं केलंय, प्रवासात पहिलं तेच तुटलं असतं. चौकातला पुतळा म्हणजे एक टाचणी आणि थेंबभर इपॉक्सी. तीन जादा करून घेतल्यात, मुलं एक तरी घालवणारच.

राहिलेलं: मधल्या ट्रेच्या उत्तर कडेची दोन चुंबकं उलट बसलीत, ट्रे एकमेकांना ढकलतात. उद्या काढून बसवायची. दफनभूमीचे दगड अजून खडीसारखे दिसतात, एकेक तिरपा करायला हवा. ताईने टेबलाची लांबी कळवलेली नाही.